फसलेला आरंभ आणि खेळणाऱ्यांची आशा

खेळ हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून तो खेळ मैदानावरचा नसून संगणकाच्या पडद्यापुढे बसून खेळावयाचा असला, म्हणजे ही शंका अधिकच बळावते. तथापि आज आपल्या शहरातील कितीतरी घरांत सोळा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतला बाप असे दोघेही या खेळांत रमलेले दिसतात. त्यांवर ते वेळ आणि पैसा खर्च करतात, आणि खेळ मनासारखा निघाला नाही म्हणजे मनापासून हळहळतात. ही हळहळ कशाची असते, आणि ती होऊनही माणसे त्या खेळाला चिकटून का राहतात, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे. प्रश्न खेळाचा असला तरी त्याच्या उत्तरात विकणारा व घेणारा यांच्यातील विश्वासाचा संबंध येतो, आणि तो विषय आपणांपैकी कोणालाही परका नाही.

प्रथम या खेळांचे स्वरूप पाहू. संगणकावरील काही खेळांत डोळा आणि हात यांच्या चपळाईची परीक्षा होते. काहींत विचाराची होते. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत स्ट्रॅटेजी गेम म्हणतात. आपण त्यांना डावपेचांचे खेळ म्हणू. बुद्धिबळ हा त्यांचा मूळपुरुष. परंतु बुद्धिबळात चौसष्ट घरे आणि बत्तीस मोहरी असतात. येथे एक संबंध राज्यच खेळणाऱ्याच्या हाती येते. खजिना, शेती, व्यापार, सैन्य, प्रजेचे धर्म आणि भाषा, शेजाऱ्यांशी तह, दरबारातील भाऊबंदकी, या साऱ्याचा हिशेब संगणक ठेवतो आणि निर्णय खेळणारा देतो. एक डाव पुरा व्हावयास कित्येक दिवस लागतात. नुसते नियम अंगवळणी पडण्यातच बरेच तास जातात. नाटकाचे तिकीट काढणारा मनुष्य एका रात्रीची करमणूक विकत घेतो. डावपेचांचा खेळ घेणाऱ्याची मनःस्थिती घरासाठी जागा घेणाऱ्यासारखी असते. पुढील काही वर्षे येथे काढावयाची, या हिशेबानेच तो पैसे मोजतो. त्याची निराशा मोठी का असते, याचे मूळ येथे आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे पॅराडॉक्स नावाची कंपनी आहे. ऐतिहासिक राज्यकारभाराचे खेळ तयार करण्यात तिचे नाव मोठे आहे. मध्ययुगीन राजघराण्यांवरचा 'क्रूसेडर किंग्ज २' हा खेळ तिने २०१२ मध्ये काढला आणि पंधराव्या शतकापासून पुढच्या जगावरचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा २०१३ मध्ये. प्राचीन रोमवर तिचा एक खेळ २००८ मध्येच येऊन गेला होता. परंतु त्याच काळावर नव्या साधनांनिशी एक भव्य खेळ यावा, अशी चाहत्यांची इच्छा पुढे दहा वर्षे राहिली. मे २०१८ मध्ये कंपनीने 'इम्पेरेटर: रोम' या खेळाची घोषणा केली, आणि २५ एप्रिल २०१९ रोजी तो विक्रीस आला.

या खेळाचा पट खरोखरीच मोठा होता. त्याचा नकाशा पश्चिमेस ब्रिटनपासून पूर्वेस भारतापर्यंत पसरलेला आहे. आरंभ होतो तो इसवी सनापूर्वी ३०४ या वर्षी. अलेक्झांडर मरून एकोणीस वर्षे झाली आहेत आणि त्याचे सेनापती त्याच्या साम्राज्याच्या वाटण्यांवरून झगडत आहेत. रोम हे इटलीतील एक होतकरू प्रजासत्ताक आहे. इकडे चंद्रगुप्त मौर्याचे राज्य भरास आले आहे. त्याचा सेल्यूकसशी झालेला तह याच सुमाराचा. मौर्यांचे राज्य हाती घेऊनही हा खेळ खेळता येतो. इतिहासाची गोडी असलेल्या माणसाला याहून चांगले आमंत्रण कोणते मिळणार?

तरीही निराशा झाली. वर्तमानपत्री परीक्षकांनी खेळाला बऱ्यापैकी गुण दिले, परंतु पैसे देऊन घेणाऱ्यांचे मत निराळे पडले. संगणकीय खेळांची 'स्टीम' नावाची एक मोठी पेढी आहे. तेथे प्रत्येक ग्राहकाला आपला अभिप्राय नोंदविता येतो. पहिल्या काही दिवसांतच तेथे नापसंतीचे पारडे जड झाले.

तक्रारी पुष्कळ होत्या. त्यांतील मुख्य तक्रार समजून घेण्यासारखी आहे. खेळात चार प्रकारचे गुण ठेवले होते : लष्करी, नागरी, वक्तृत्वाचे आणि धार्मिक. राज्यकर्त्याच्या अंगच्या पात्रतेप्रमाणे ते दरमहा जमा होत, आणि महत्त्वाचे बहुतेक निर्णय हे गुण खर्चून घ्यावे लागत. पुरेसे गुण साठले की एका बटणासरशी प्रजेच्या एका समूहाचा धर्म बदले, किंवा त्याची संस्कृती बदले. खेळणाऱ्यांनी या गुणांना 'माना' असे नाव ठेवले. पॅसिफिक बेटांवरील भाषांत दैवी सामर्थ्याला हा शब्द आहे, आणि जादूच्या खेळांतून तो सर्वांच्या तोंडी बसला आहे. त्या नावातच टीका होती. लोकांचा धर्म आणि भाषा बदलावयास इतिहासात पिढ्यान् पिढ्या लागतात. येथे ते काम मंत्र टाकल्यासारखे होत होते. डावपेचांच्या खेळातील आनंद कारण आणि परिणाम यांची साखळी ओळखण्यात आहे. आज रस्ता बांधला, पाच वर्षांनी व्यापार वाढला, दहा वर्षांनी शेजाऱ्याच्या डोळ्यांत ते खुपू लागले आणि युद्ध आले, अशी ती साखळी असते. ती तुटली म्हणजे राज्य चालविल्याचे समाधान जाते आणि केवळ खातेवही भरल्यासारखे वाटू लागते. त्यातच रोम घ्या की कार्थेज घ्या, दोन्हींकडे खेळताना पुष्कळसे सारखेच काम करावे लागते, अशीही तक्रार होती.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. या कंपनीचे जुने खेळ प्रसिद्ध झाल्यावरही वर्षानुवर्षे वाढत गेले होते. दर काही महिन्यांनी फुकट सुधारणा येत आणि त्यांबरोबर विकत घ्यावयाची एखादी पुरवणी येई. त्यामुळे २०१९ मध्ये नवा खेळ हाती घेणाऱ्यासमोर तुलनेला उभा होता तो सहासात वर्षे खतपाणी घातलेला जुना खेळ. कलमाला धरलेली पहिली चार फळे आणि भरात आलेली आमराई यांची ती तुलना होती. ती अन्यायाची होती असे म्हणता येईल. पण ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याने दोन्हींचे पैसे पुरे मोजले होते.

आरंभीच्या दोषांच्या तीन जाती असतात. पहिली जात निव्वळ बिघाडाची. खेळ मध्येच बंद पडतो, चित्र अडखळते, हिशेब चुकतो. हे दोष चिडविणारे असतात, पण शोधून काढले की दुरुस्त होतात. दुसरी जात अपुरेपणाची. इमारत नीट उभी आहे, पण खोल्यांत सामान नाही. याला वेळ आणि पैसा लागतो. तिसरी जात रचनेच्या दोषाची. येथे पायाच चुकीच्या जागी खणलेला असतो, आणि नुसती डागडुजी पुरी पडत नाही. संगणकाच्या व्यवहारात दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. ठिगळाने भोक बुजते. परंतु अंगरखाच अंगाला होत नसेल तर तो उसवून पुन्हा शिवावा लागतो. 'इम्पेरेटर'मधील गुणांची पद्धत ही या तिसऱ्या जातीची होती.

मग असे खेळ अपुऱ्या अवस्थेत विक्रीस येतातच का? निर्मात्यांचा आळस हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. पहिली अडचण गुंतागुंतीची. शेकडो राज्ये एकाच वेळी हालचाल करीत असता त्यांतून किती परिस्थिती उद्भवतील, हे तपासणाऱ्या मोजक्या माणसांना पुरते पाहणे शक्य नसते. खेळ हजारो घरांत गेला म्हणजे पहिल्या आठवड्यात त्याची जेवढी परीक्षा होते, तेवढी आधीच्या वर्षातही झालेली नसते. दुसरी अडचण पैशाची. निर्मात्यांचे पगार चालू असतात, विक्रीची तारीख जाहीर झालेली असते, जाहिरातीचा खर्च होऊन गेलेला असतो, आणि भागधारक वर्षाचा ताळेबंद मागत असतात. तिसरे कारण जरा उलटे आहे. पूर्वी खेळ तबकडीवर घालून पेटीत बंद होऊन विकला जाई, आणि त्यातील चूक सुधारणे फार कष्टाचे असे. आज इंटरनेटवरून घरबसल्या दुरुस्ती पोचते. ही सोय उत्तम आहे. परंतु नंतर दुरुस्त करता येईल हे माहीत असले की आज अपुरे देण्याचा मोह होतो. लग्नाचा मुहूर्त गाठण्यासाठी अर्धवट रंगविलेल्या घरात मांडव घालावा, तसे हे होते.

अशा स्थितीत खेळणारा खेळ टाकून का देत नाही? कारण त्याची आशा निराधार नसते. २०१३ सालचे एक उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे असते. इंग्लंडमधील हॉर्शम येथे क्रिएटिव्ह असेंब्ली नावाची संस्था आहे. तिचा 'टोटल वॉर: रोम २' हा खेळ ३ सप्टेंबर २०१३ रोजी आला, आणि तोही प्राचीन रोमवरचाच. त्याची अवस्था पहिल्या दिवशी फार वाईट होती. संगणकाने आपली पाळी संपविण्याची वाट पाहण्यातच वेळ जाई; शत्रूचे सैन्य रणांगणावर नुसते उभे राही; चांगल्या यंत्रावरही चित्रे अडखळत. निर्मात्यांनी जाहीरपणे क्षमा मागितली आणि एकामागून एक दुरुस्त्या पाठविल्या. वर्षभराने, सप्टेंबर २०१४ मध्ये, 'एम्परर एडिशन' या नावाची सुधारलेली आवृत्ती त्यांनी जुन्या ग्राहकांना फुकट दिली. त्यानंतरही खेळ इतका टिकला की २०१७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर चार वर्षांनी, त्याची नवी पुरवणी निघाली. येथील पुष्कळसे दोष पहिल्या जातीचे होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

'इम्पेरेटर'च्या निर्मात्यांनीही हातपाय गाळले नाहीत. सुधारणांना त्यांनी प्राचीन थोरांची नावे दिली. जून २०१९ मध्ये 'पॉम्पी' आली. सप्टेंबरातील 'सिसेरो'ने ती वादग्रस्त गुणपद्धतीच काढून टाकली. प्रजेचा धर्म आणि संस्कृती आता हळूहळू, राज्यकारभाराच्या धोरणाप्रमाणे बदलू लागली. २०२० मध्ये 'आर्किमिडीज'ने धर्माचा भाग नव्याने रचला, 'मेनँडर'ने संस्कृतीचा. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी 'मारियस' या नावाने दुसरी मोठी आवृत्ती आली. रोमच्या सैन्याची पुनर्रचना ज्या सेनापतीच्या नावाशी जोडली जाते, त्याचेच हे नाव, आणि या आवृत्तीनेही सैन्याची व्यवस्था मुळापासून बदलली. प्रजेतून गरजेपुरते सैनिक उभारावयाचे आणि पुढे खडी पलटण ठेवावयाची, अशी नवी पद्धत आली. पडद्याची मांडणीही नवी झाली. अंगरखा खरोखरच उसवून पुन्हा शिवला गेला होता. राहिलेल्या खेळणाऱ्यांनी या आवृत्तीचे मनापासून स्वागत केले.

आणि अडीच महिन्यांनी, ३० एप्रिल २०२१ रोजी, कंपनीने जाहीर केले की या खेळावर काम करणारी माणसे इतर कामांकडे वळविण्यात आली आहेत. खेळ सुधारला आणि सुधारल्यावर थांबला. ज्यांनी दोन वर्षे धीर धरला होता, त्यांना बसलेला हा धक्का पहिल्या दिवसाच्या निराशेहून मोठा होता.

असे का झाले याचा विचार केला म्हणजे आम्हांस या विषयातील मुख्य गोष्ट सापडते. फसलेल्या आरंभानंतर ग्राहकांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग ओरडतो. तो लांबलचक तक्रारी लिहितो, दोषांची यादी करतो, कसे असावयास हवे होते ते सांगतो. दुसरा वर्ग काही बोलत नाही. तो खेळ बंद करतो आणि दुसरीकडे जातो. विक्रेत्याला पहिल्या वर्गाचा त्रास होतो, आणि हे लोक आपले वैरी आहेत असे त्याला वाटू लागते. वस्तुतः तक्रार करणारा अजून गेलेला नसतो. ज्याला काहीच अपेक्षा उरली नाही तो रात्री जागून दोषांची यादी कशाला करील? निराशेचे शब्द हे बहुधा आशेनेच लिहिलेले असतात. 'इम्पेरेटर'ची दुरुस्ती झाली ती या ओरडणाऱ्यांचे ऐकून. गुणपद्धती गेली ती त्यांच्या टीकेमुळे. परंतु व्यापाराचा हिशेब चालतो तो संख्येवर, आणि संख्या होती मुकाट्याने गेलेल्यांची. पहिल्या आठवड्यात गेलेला ग्राहक दोन वर्षांनी घर दुरुस्त झाल्याचे ऐकून परत येतोच असे नाही. त्याने दुसरे बिऱ्हाड केलेले असते.

याची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ग्राहकाच्या आशेचा गैरवापरही होऊ शकतो. फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या संस्थेने नगररचनेचा 'सिटीज: स्कायलाइन्स २' हा खेळ तयार केला आणि पॅराडॉक्सनेच तो २४ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध केला. चांगल्या संगणकांवरही तो संथ चाले, आणि इतरही दोष होते. ते निवारण्यापूर्वीच मार्च २०२४ मध्ये त्याची एक विकतची पुरवणी काढण्यात आली. गळके छप्पर शाकारण्याआधी भाडेकऱ्याकडे अंगणातल्या झाडांचे वेगळे पैसे मागावेत, तसा हा प्रकार झाला. लोकांचा क्षोभ एवढा झाला की एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्यांनी संयुक्त पत्र काढून क्षमा मागितली, पुरवणी फुकट केली आणि घेणाऱ्यांना पैसे परत देण्याची व्यवस्था केली. एकजुटीने बोललेल्या ग्राहकांचे वजन किती असते, ते येथे दिसते.

तेव्हा आशा धरावी की धरू नये? आमच्या मते आशा डोळस असावी, आणि तिच्या परीक्षा अवघड नाहीत. दोष कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. बिघाड असेल तर थोडा धीर धरणे शहाणपणाचे, रचनाच चुकली असेल तर वाट लांबची आहे असे समजावे. निर्माते चूक कोणती ते स्पष्ट सांगतात, की गोड शब्दांनी वेळ मारून नेतात, ते पाहावे. दुरुस्ती वचनात आहे की हातात पडली आहे, ते पाहावे. जुने निस्तरण्याआधी नवे पैसे मागितले जात आहेत काय, तेही पाहावे. आणि सर्वांत साधा नियम असा की, आज जे हातात आहे त्याचीच किंमत आज द्यावी. खेळ निघण्यापूर्वीच आगाऊ पैसे भरण्याची रीत आता रूढ झाली आहे. आगाऊ भरणा करणारा ग्राहक आपली सर्वांत मोठी सत्ता, म्हणजे पाहून घेण्याची सत्ता, स्वतःच्या हाताने सोडून देतो. तरुण वाचकांनी, आणि त्यांना पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही, हे ध्यानात ठेवावे.

त्याचबरोबर रागाला मर्यादा हवी. खेळाची तारीख ठरविणारी माणसे निराळी असतात आणि रात्री जागून तो दुरुस्त करणारी निराळी. शिव्याशाप बहुधा दुसऱ्यांच्या वाट्याला येतात. टीका कामावर करावी, कामगाराच्या अंगावर जाऊ नये, हा आपल्या सभ्यतेचा जुना नियम येथेही लागू आहे.

शेवटी बुद्धिबळाकडे एकदा वळून पाहणे उपयोगाचे होईल. आज ज्या वजिराच्या धाकाने पट हादरतो, तो वजीर पूर्वी तिरपे एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चाल मिळाली, आणि संथ खेळाला वेग आला. ही सुधारणा कोणा कंपनीने केली नाही; बुद्धिबळाला मालकच नव्हता. खेळणाऱ्यांनी नवी चाल करून पाहिली, ती आवडली, आणि रूढ झाली. आजच्या खेळांना मालक आहेत, म्हणून आपण दुरुस्तीसाठी मालकाच्या तोंडाकडे पाहतो. परंतु खेळणाऱ्यांचा जुना अधिकार अगदीच गेलेला नाही. 'इम्पेरेटर'चे काम थांबल्यावर त्याच्या चाहत्यांनी ते आपल्या हाती घेतले. खेळात स्वतः भर घालण्याची मुभा कंपनीने आधीच ठेवली होती. तिचा उपयोग करून त्यांनी नवी राज्ये, नवे प्रसंग, नवी उद्दिष्टे त्यात घातली, आणि हे सारे कोणाकडून पैसा न घेता केले. त्यांच्या या भरीचे नाव 'इन्विक्टस' असे आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ अजिंक्य. ज्या खेळाचा आरंभ फसला आणि ज्याचे काम मालकानेच थांबविले, तो खेळ आजही खेळला जातो, आणि त्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हातून अजून वाढतो आहे. कंपनीच्या दाराशी नुसते बसून राहण्यापेक्षा आशेचा हा मार्ग आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो.